मुक्त सॉफ्टवेअर आणि डिझायनरचे पहिले पाऊल

लिनक्स या संगणक प्रणालीचे नाव काढले की एक गुबगुबीत, तृप्त चेहऱ्याचा पेंग्विन डोळ्यांसमोर उभा राहतो. १९९६ साली लॅरी ईविंग यांनी तो गिम्प या मुक्त चित्रसंपादकात रेखाटला आणि कुणीही वापरावा, हवा तसा बदलावा, म्हणून खुला केला. अट एवढीच की, कुणी विचारलेच तर चित्रकाराचे आणि गिम्पचे नाव सांगावे. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात चित्रकाराला प्रारंभापासून स्थान आहे, याचा हा सर्वांत परिचित पुरावा म्हणावा लागेल. असे असूनही कलामहाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला एखादा विद्यार्थी अशा प्रकल्पाला आपले काम देऊ करतो, तेव्हा बहुतेक वेळा तो दारातच घुटमळतो आणि काही आठवड्यांनी कुणाच्याही नकळत निघून जातो.

यात तोटा दोघांचाही आहे. फायरफॉक्स, व्हीएलसी, लिब्रेऑफिस, वर्डप्रेस, ब्लेंडर ही नावे आपल्या शहरांतील कार्यालयांना आणि स्टुडिओंना अपरिचित नाहीत. ज्याचा मूळ संकेत, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. संकेत लिहिणारे हात अशा प्रकल्पांना जगभरातून मिळतात. पडद्यावर बटण कोठे असावे, सूचना कोणत्या शब्दांत द्यावी, चिन्ह ओळखू येते की नाही, याचा विचार करणारे हात मात्र नेहमीच कमी पडतात. दुसरीकडे, नवख्या डिझायनरला आपल्या कामाच्या संग्रहात दाखवण्यासाठी खऱ्या वापरातले काम हवे असते. या दोघांची गाठ कशी पडावी आणि ती घालून देणाऱ्या अनुभवी माणसाने काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

दार कुणासाठी बांधले?

मुक्तस्रोत प्रकल्पाची सारी रचना संकेत लिहिणाऱ्याच्या सोयीने उभी राहिलेली आहे. गिटहब, गिटलॅब यांसारख्या ठिकाणी प्रकल्पाचे कोठार असते. तेथे दोष किंवा सूचना ‘इश्यू’ म्हणून नोंदवायची, संकेतात बदल करायचा आणि ‘तो स्वीकारा’ अशी विनंती पाठवायची, ही रूढ वाट. संकेत चालतो की नाही, हे यंत्रावर तपासता येते. आराखडा योग्य आहे की नाही, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी माणसे समोर बसवावी लागतात, निरीक्षण करावे लागते आणि मग वाद घालावा लागतो. शिवाय डिझायनरचा आराखडा स्वीकारला म्हणजे काम संपत नाही, तो प्रत्यक्षात आणणारा प्रोग्रॅमर मिळावा लागतो. त्यामुळे संकेत देणारा प्रकल्पाला तयार वस्तू देत असतो, तर डिझायनर बऱ्याचदा दुसऱ्या कुणासाठी नवे काम निर्माण करत असतो. नवख्याला हा भेद कुणी सांगत नाही आणि त्याच्या उत्साहाला थंड प्रतिसाद का मिळतो, हे त्याला उमगत नाही.

ही उणीव प्रकल्पांनाही ठाऊक आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००१ साली ग्नोम या लिनक्सवरील डेस्कटॉपची सामान्य वापरकर्त्यांकडून चाचणी करवून घेतली. अडखळण्याच्या अनेक जागा तीत उघड झाल्या. पुढील वर्षी ग्नोमची दुसरी मोठी आवृत्ती आली तेव्हा पडद्याच्या रचनेचे लेखी नियमही तयार झाले होते. २००४ मध्ये तर मुक्तस्रोत चळवळीचे पुरस्कर्ते एरिक रेमंड यांनीच छपाईयंत्र जोडताना झालेला मनस्ताप सविस्तर लिहून काढला आणि आपल्याच गोटाचे कान उपटले. अनेक वर्षे संकेत लिहिणाऱ्या माणसाला जर प्रिंटर जोडता येत नसेल, तर इतरांचे काय, असा त्यांचा रोख होता.

संपूर्ण कायापालटाचा मोह

नवखा डिझायनर बहुधा एकाच प्रकारे सुरुवात करतो. आवडत्या प्रोग्रॅमची विंडो तो फिग्मात उघडतो, रंग बदलतो, मेनू गुंडाळून ठेवतो, चिन्हे नव्याने काढतो आणि दहा-बारा देखण्या चित्रांचा संच ‘नवे रूप’ म्हणून प्रकल्पापुढे ठेवतो. आठवडाभर उत्तर येत नाही. आलेच तर ‘छान आहे, पण हे करणार कोण?’ एवढेच. त्याला ही उपेक्षा वाटते. प्रत्यक्षात त्या संचाचा अर्थ प्रकल्पाच्या दृष्टीने दोन-तीन वर्षांचे काम असा असतो आणि ते काम रात्री नोकरीवरून आल्यावर संकेत लिहिणाऱ्या चार-पाच माणसांवर पडणार असते.

ब्लेंडर या त्रिमिती चित्रणाच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण बोलके आहे. त्यात वस्तू निवडण्यासाठी माऊसचे उजवे बटण दाबावे लागे. इतर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये डावे बटण वापरले जाते, त्यामुळे प्रत्येक नवा वापरकर्ता पहिल्या मिनिटाला चकत असे. बदल उघड उघड आवश्यक होता, तरी तो प्रत्यक्षात यायला जुलै २०१९ मधली २.८ ही आवृत्ती उजाडावी लागली. एवढे करूनही उजव्या बटणाची सवय जडलेल्यांसाठी जुना पर्याय राखून ठेवावा लागला. एका बटणाची ही कथा असेल, तर अख्ख्या पडद्याच्या कायापालटाची कल्पना करावी.

मग मोठे बदल बाहेरचा माणूस घडवूच शकत नाही का? शकतो. त्याची दोन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत.

पहिले मोझिलाचे. कॅनडातील स्टीव्हन गॅरिटी यांनी २००३ मध्ये मोझिलाच्या बोधचिन्हांतील विसंगतीवर एक दीर्घ टिपण लिहिले. प्रकल्पाने रागावण्याऐवजी त्यांनाच हे काम पुढे नेण्यास बोलावले आणि फेब्रुवारी २००४ मध्ये फायरफॉक्स हे नाव धारण केलेला ब्राउझर, पृथ्वीगोलाला वेढणाऱ्या कोल्ह्याचे चिन्ह घेऊनच अवतरला. त्या चिन्हाला अंतिम रूप इंग्लंडमधील जॉन हिक्स यांनी दिले. मूळ कल्पना आणि कच्चे रेखाटन इतर दोघांचे होते. एक चिन्ह आणि त्यामागे तीन हात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण म्यूझस्कोअरचे, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या मुक्त सॉफ्टवेअरचे. मार्टिन कियरी हे संगीतकार आणि डिझायनर. ‘टँटाक्रूल’ या नावाने त्यांनी २०१९ मध्ये या सॉफ्टवेअरची विनोदी पण निर्दय चिरफाड करणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. त्यातून त्यांचा प्रकल्पाशी संबंध आला आणि पुढे म्यूझस्कोअरच्या डिझाइनची धुराच त्यांच्याकडे गेली. जानेवारी २०२१ मधल्या ३.६ या आवृत्तीत लेलँड हा नवा स्वरलिपी-टंक आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये नव्या रूपातली चौथी आवृत्ती. म्हणजे टीकेपासून कायापालटापर्यंत तीन वर्षे गेली. टीकेतून दार उघडले ते थट्टेमुळे नव्हे. आपण स्वर लिहायला बसलो असता कोणत्या पायरीवर काय अडले, हे कियरी यांनी पायरी-पायरीने पडद्यावर दाखवले होते आणि त्याला नाही म्हणणे कुणालाही अवघड होते. अर्थात हे दोघेही मुरलेले व्यावसायिक होते. नवख्याने त्यांच्याकडून घ्यायची ती नेमकेपणाची सवय. मोहीम नंतर काढता येते.

छोट्या जखमांचा शोध

२००९ साली उबुंटूने ‘शंभर कागदी कापे’ अशा आशयाचा एक उपक्रम हाती घेतला होता. कागदाची कड बोटाला लागते, रक्त फारसे येत नाही, पण दिवसभर झोंबत राहते. वापरकर्त्याला रोज झोंबणारे, तरी दुरुस्तीला सोपे असे दोष शोधून ते एकाच आवृत्तीच्या काळात निपटायचे, अशी ती योजना होती. नवख्यासाठी याहून चांगली मोजपट्टी प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही. दोष रोजच्या वापरात भेटतो का? आणि एखादा प्रोग्रॅमर तो एका संध्याकाळी दुरुस्त करू शकेल का? दोन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर तेथे हात घालावा.

प्रकल्प निवडतानाही कीर्ती पाहू नये. आपण स्वतः वापरतो असे सॉफ्टवेअर घ्यावे आणि त्याच्या कोठारात एक तास नुसते वाचत बसावे. अखेरची आवृत्ती केव्हा आली? गेल्या महिन्यातील नोंदींना कुणी उत्तर दिले आहे का? ‘दिसणे’, ‘वापरसुलभता’ अशा विषयांच्या नोंदींवर चर्चा कोणत्या सुरात होते? नव्या माणसाच्या प्रश्नावर खेकसणारी माणसे दिसली तर दुसरे दार ठोठवावे. पुष्कळ प्रकल्प नवख्यांजोग्या नोंदींना वेगळी खूण लावतात. या खुणा बहुधा संकेत लिहिणाऱ्यांसाठी असतात, तरीही त्यांतून सांभाळकर्त्यांचा स्वभाव कळतो.

शिरोरेखा तुटते तेव्हा

मराठी डिझायनरच्या हाती एक काम असे आहे की, जे बर्लिन किंवा बोस्टनच्या डिझायनरला सहसा दिसतच नाही. आपल्या संगणकाची भाषा मराठी करावी आणि नेहमीचे मुक्त सॉफ्टवेअर उघडावे. भाषांतराकडे तूर्त दुर्लक्ष करून केवळ अक्षरे कशी बसली आहेत, ते पाहावे.

इंग्रजी मथळे सुबक दिसावेत म्हणून डिझायनर अक्षरांत थोडे अंतर सोडतात. रोमन लिपीत ते शोभते. तोच नियम देवनागरीला लागू झाला की शिरोरेखा प्रत्येक अक्षरापाशी तुटते आणि शब्दाऐवजी सुटे मणी दिसू लागतात. इंग्रजीत मथळा उठून दिसावा म्हणून सारी अक्षरे मोठ्या लिपीत लिहिण्याची पद्धत आहे; देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, त्यामुळे मथळा आणि मजकूर यांतला भेदच नाहीसा होतो. तिरपा टंक देवनागरीच्या परंपरेत नाही. यंत्र सरळ अक्षरालाच ढकलून तिरपे करते. ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने बेतली असेल तर ‘मूर्तींची’ या शब्दातला रफार, वेलांटी आणि अनुस्वार वरून कापले जातात, तर ‘राष्ट्रीय’मधल्या जोडाक्षराचा पाय खालून. आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे दोन शब्द शेजारी लिहून पाहावेत. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. टंकाने अर्धा ‘र’ नीट दाखवला नाही तर अर्थाचाच डोंगर कोसळतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे असतात. मजकूर मराठीत आहे, हे प्रोग्रॅमने टंकाला सांगितले आणि टंकात तशी सोय असली, तरच ते आपल्या वळणाने उमटतात.

समजा, अशा एखाद्या प्रोग्रॅममध्ये मथळ्याची शिरोरेखा तुटलेली आढळली. नोंद कशी लिहावी? ‘मराठी वाईट दिसते’ हे वाक्य निरुपयोगी आहे. समोरच्याला मराठी वाचता येत नाही, हे गृहीत धरून लिहावे. सॉफ्टवेअरची आवृत्ती, संगणक प्रणाली आणि निवडलेली भाषा आधी सांगावी. दोष कोणत्या पडद्यावर, काय केल्यावर दिसतो ते क्रमाने लिहावे. तुटलेल्या मथळ्याचे आणि योग्य दिसणाऱ्या मथळ्याचे चित्र शेजारी शेजारी जोडावे. अक्षरांना डोक्यावरून जोडणारी रेघ हा लिपीचा घटक आहे, ती सलग राहायला हवी, असे एका वाक्यात समजावून द्यावे. नेपाळी, हिंदी आणि बंगालीलाही हाच दोष भोवतो, हे सांगितले तर नोंदीचे वजन वाढते, कारण आता प्रश्न एका भाषेचा उरत नाही. शेवटी उपाय सुचवावा: या लिपींसाठी अक्षरांमधले जादा अंतर शून्य करावे. वेबच्या पानांमध्ये हा बदल भाषेनुसार लागू होणाऱ्या एका ओळीच्या नियमाने करता येतो. डिझायनरने ती ओळ स्वतः लिहिली पाहिजे असे नाही, पण ती एकच ओळ आहे हे त्याला ठाऊक असले तर प्रोग्रॅमर हात आखडता घेत नाही.

या वाटेवर मराठी माणसांचे पूर्वसंचित थोडेथोडके नाही. विंडोजमधला मंगल हा टंक सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. तो मुक्त नव्हे, पण संगणकावरील देवनागरीची अनेकांना ओळख झाली ती त्यातूनच. लिनक्सवर दीर्घकाळ वापरले गेलेले लोहित हे टंक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले आणि रेड हॅटने २००४ मध्ये ते मुक्त परवान्याखाली खुले केले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे टंक आज असंख्य मराठी पानांवर दिसतात. तेही मुक्त परवान्याचेच आहेत.

आराखडा मांडण्याची रीत

दोष स्वीकारला गेला आणि आराखडा मागितला गेला, म्हणजे पहिली पायरी चढून झाली. येथे कलाशाळेत लागलेली एक सवय मोडावी लागते. तेथे पूर्ण झालेले काम परीक्षकांसमोर मांडायचे असते. येथे अर्धवट काम मांडायचे असते. पेन्सिलीचे रेखाटन मोबाइलवर टिपून टाकले तरी चालते, किंबहुना तेच बरे. गुळगुळीत चित्र पाहिले की लोक रंगावर बोलतात. कच्चे रेखाटन पाहिले की रचनेवर बोलतात.

रंगावरून आठवले. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये एका समितीची गंमत लिहिली होती. ती समिती अणुभट्टीचा खर्च काही मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या छपराच्या खर्चावर मात्र तावातावाने भांडत बसते, कारण छप्पर सर्वांना कळते. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या प्रकल्पात पॉल-हेनिंग कांप यांनी याच गोष्टीचा दाखला देऊन सहकाऱ्यांना झापले आणि तेव्हापासून ‘सायकलचे छप्पर’ हा या जगातला वाक्प्रचार झाला. डिझाइनच्या नोंदींवर हे छप्पर हमखास उभे राहते. त्यावर उतारा एकच: आराखड्यासोबत कारण लिहिणे. ‘बटण उजवीकडे नेले’ याऐवजी ‘जतन करण्याचे आणि पुसून टाकण्याचे बटण एकमेकांना खेटून होते, पाहिलेल्या चारपैकी तिघांचे बोट चुकीच्या जागी गेले, म्हणून ती दूर नेली’ असे लिहावे. चार माणसे ही संख्या हास्यास्पद वाटेल. पण घरातल्या, वर्गातल्या किंवा कार्यालयातल्या चार जणांना एकेकटे बसवून, तोंडातून शब्द न काढता पाहिलेले निरीक्षण कोणत्याही मताहून वजनदार ठरते.

आराखड्यात केवळ आदर्श क्षणाचे चित्र नसावे. यादी रिकामी असेल तर काय दिसेल? जाळे तुटले तर? नाव तीन ओळींचे असेल तर? गडद पार्श्वभूमीवर काय होईल? प्रोग्रॅमरला हे प्रश्न पडतातच आणि उत्तर नसेल तर तो स्वतःच्या मनाने ठरवतो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील उजेडाचे प्रमाण नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावे, असा वेबवरील सुगम्यतेचा संकेत आहे. ते मोजणारी साधने फुकट मिळतात. चिन्ह काढायचे असेल तर ते ज्या आकारात दिसणार त्याच आकारात तपासावे. ग्नोममधील साधी एकरंगी चिन्हे १६ गुणिले १६ बिंदूंच्या चौकटीत बसवायची असतात. मोठ्या पडद्यावर मोहक भासलेली रेषा तेथे नुसता धब्बा होते.

साधनांबाबत फार वेळ घालवू नये. फिग्मा सोयीचे आहे, पण ते खाजगी मालकीचे असल्याने काही प्रकल्पांना त्यातली मूळ फाइल नको असते. इंकस्केप आणि पेनपॉट हे मुक्त पर्याय आहेत. महत्त्वाचे इतकेच की, काम एसव्हीजी या खुल्या स्वरूपात, पुढच्या माणसाला बदलता येईल असे द्यावे. नुसते सपाट चित्र देणे म्हणजे मूर्ती देऊन साचा घरी ठेवणे होय.

हक्क कुणाचा, परवाना कोणता?

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पुढे तोच महागात पडतो. डिझाइन देताना ते प्रकल्पाच्या परवान्याखाली दिले जाते. चिन्हे व चित्रे बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या एखाद्या परवान्याखाली, टंक सिल ओपन फाँट लायसन्सखाली, तर संकेताचाच भाग असलेली चित्रे त्या संकेताच्या परवान्याखाली असतात. यांचा अर्थ असा की, इतर कुणीही, व्यापारी कंपनीसुद्धा, ते काम वापरू शकते. हे मान्य नसेल तर काम देऊ नये; दिल्यावर हळहळण्यात अर्थ नाही.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. त्यामुळे एजन्सीत काम करणाऱ्या डिझायनरने कार्यालयाच्या वेळेत, कार्यालयाच्या संगणकावर केलेले चिन्ह परस्पर प्रकल्पाला देऊन टाकू नये. आधी नेमणूकपत्र वाचावे आणि शंका असल्यास लेखी परवानगी घ्यावी. याच कायद्याचे कलम ५७ कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते आणि हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही तो उरतो.

इतरांची तयार चिन्हे, बाजारात मिळणारे चित्रसंच अथवा त्यांचे तुकडे वापरायचे असतील तर त्यांचा परवाना प्रकल्पाच्या परवान्याशी जुळतो का, हे पाहावे. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांबाबत प्रत्येक प्रकल्पाचे धोरण निराळे आहे. कोठे बंदी आहे, कोठे जाहीर सांगण्याची अट आहे. विचारून घ्यावे, लपवू नये.

मार्गदर्शकाने काय करावे?

आतापर्यंतचे सारे नवख्याला उद्देशून झाले. पण हे प्रकरण बहुतेक वेळा जमते किंवा फसते ते अनुभवी माणसामुळे. मदत करण्याची इच्छा असलेले अनेक जण ‘काही अडले तर विचार’ म्हणतात आणि मोकळे होतात. नवख्याचे काय अडले आहे, हे त्यालाच कळत नसते, मग तो विचारणार काय?

मार्गदर्शकाचे पहिले काम अगदी गद्य आहे: प्रकल्पाची ताजी, अजून प्रसिद्ध न झालेली आवृत्ती नवख्याच्या संगणकावर चालवून देणे. संकेतापासून प्रोग्रॅम उभा करण्यात अर्धा दिवस सहज जातो आणि त्या अर्ध्या दिवसात कितीतरी डिझायनर गळतात. डिझायनरने ते शिकावे, हा आग्रह नंतर धरावा. पहिल्या दिवशी शेजारी बसून, किंवा दूर असल्यास पडदा वाटून, ते करून द्यावे.

दुसरे काम म्हणजे नोंद निवडणे. जिच्यावर सांभाळकर्त्याने आधीच ‘हे करायला हवे’ असे म्हटले आहे आणि जी प्रत्यक्षात आणायला एक प्रोग्रॅमर तयार आहे, अशी नोंद शोधावी. तशी नसेल तर मार्गदर्शकाने स्वतः प्रोग्रॅमरशी बोलून ठेवावे. पहिले काम वापरात आलेले पाहणे आणि ते नोंदींच्या ढिगात पडलेले पाहणे, यांत नवखा राहतो की जातो याचा निकाल असतो.

चर्चा सुरू झाल्यावर गप्प राहू नये. दहा जण दहा मते देतात तेव्हा कोणते मत निर्णय घेणाऱ्याचे आणि कोणते वाटसरूचे, हे नवख्याला ओळखता येत नाही. तो सर्वांना खूश करायला जातो आणि आराखड्याचा कडबोळे होते. ‘या तीन सूचना घ्यायच्या, बाकीच्यांचे आभार मानायचे’ असे मार्गदर्शकाने स्पष्ट सांगावे. टीका खाजगीत समजावून द्यावी. मात्र मुख्य चर्चा खुलीच ठेवावी, अन्यथा निर्णय कसा झाला ते पुढच्या माणसाला सापडत नाही.

श्रेयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कोठारातील इतिहासात बदल करणाऱ्या प्रोग्रॅमरचे नाव आपोआप नोंदले जाते, डिझायनरचे नाही. महिनाभर घासलेला आराखडा त्यामुळे दुसऱ्याच्या नावावर दिसतो. यावर सोपा उपाय आहे. बदलाच्या नोंदीत सहकर्ता म्हणून डिझायनरचे नाव लिहिण्याची ठरलेली ओळ असते, ती गिटहब २०१८ पासून ओळखते आणि दोन्ही नावे दाखवते. नव्या आवृत्तीच्या निवेदनातही नाव घालता येते. मार्गदर्शकाने याची आठवण आधीच करून द्यावी. नवखा संकोचाने स्वतः मागत नाही.

पैशांचे काय?

स्वयंसेवा हा शब्द उदात्त असला तरी भाडे त्याने भागत नाही. आपल्याकडील तरुण डिझायनरला हा प्रश्न सुरुवातीलाच विचारायचा अधिकार आहे. आउटरीची या कार्यक्रमात मुक्तस्रोत प्रकल्पांवर काम करणाऱ्या उमेदवारांना विद्यावेतन मिळते आणि त्यात डिझाइनचे प्रकल्पही असतात. गुगलचा २००५ पासून चालू असलेला समर ऑफ कोड नावाप्रमाणेच संकेत लिहिणाऱ्यांसाठी आहे, हे अर्ज करण्यापूर्वी लक्षात घ्यावे. ‘ओपन सोर्स डिझाइन’ हा डिझायनरांचा समुदाय कामांची यादी चालवतो. त्यातील काही कामे सशुल्क, काही विनामूल्य असतात आणि तसे स्पष्ट लिहिलेले असते. विनामूल्य काम करायचेच असेल तर आठवड्याचे तास आधी ठरवून प्रकल्पाला कळवावेत. तीन तास सांगून तीन तास देणारा माणूस प्रकल्पाला हवा असतो.

बोधचिन्हाच्या खुल्या स्पर्धांपासून मात्र नवख्याने शक्यतो दूर राहावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शंभर जण काम करतात, एकाचे घेतले जाते, उरलेल्या नव्व्याण्णवांच्या हाती शिकवण लागत नाही, की ओळखही होत नाही. प्रकल्पालाही चिन्ह मिळते, डिझायनर मिळत नाही.

वेळेचे गणित

एक व्यावहारिक बाब राहिली. मोठे प्रकल्प वेळापत्रकाने चालतात. ग्नोमची नवी आवृत्ती दरवर्षी मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते, लिब्रेऑफिसची फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. आवृत्ती येण्यापूर्वी काही आठवडे पडद्यावरील शब्द आणि रचना गोठवली जाते, कारण भाषांतरकारांना आणि मदतपुस्तिका लिहिणाऱ्यांना स्थिर मजकूर लागतो. मराठी भाषांतर करणारेही त्यातच आले. या काळात मांडलेला उत्तम आराखडाही बाजूला ठेवला जातो आणि नवख्याला वाटते की आपल्याला नाकारले. त्यामुळे वेळापत्रक आधी पाहावे आणि आवृत्ती प्रसिद्ध झाल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत आपली नोंद मांडावी. त्या सुमारास सांभाळकर्ते जरा निवांत असतात आणि पुढच्या सहा महिन्यांत काय घ्यायचे, याची यादी तेव्हाच तयार होत असते.